डावा टोंगळा

१७ नोव्हेंबर, रविवार

भूमिकाचा टोंगळा बसवला. डावा. कामठ्याच्या मंडईच्या जत्रेत पोरींची फुटबॉलची मॅच होती. कोणाचा धक्का नाही, लाथ नाही — पळता पळता वळली अन् खाली बसली. आतून काडी मोडल्यावाणी आवाज आला म्हणे. तिले फुटबॉल शिकवणारे इंद्रकुमार सर, त्यांनी गाडीत घालून आणलं अन् ओसरीतच सुरू झाले — "आबाजी, हात नका लावू. गुडघ्याची दोरी तुटली असंल. नागपूरले नेऊ."

म्हटलं, तुम्ही शिट्टी वाजवा. तीन पिढ्या हाडं बसवून राहिलो आम्ही. सौंदड टेशनावर उतरून लोक माझं घर विचारतेत.

मोहाचं तेल, बांबूच्या कामट्या, पट्टा. एकवीस दिवस. पोट्टी ओरडली नाही. नात कोणाची!

१८ नोव्हेंबर

भूमिका झोपली होती. तिचा मोबाइल वाजला, मी उचलला. सर. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं शुक्रवारची तारीख दिली, खर्च संघ करंल, फक्त तिले सांगा. म्हटलं, तीच नाही म्हणते. पुन्हा फोन करू नका.

आमचा नेम आहे. पट्टा बांधला की दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. लागला तर बसवणाऱ्याच्या हाताचा गुण जाते.

घरात सांगितलं नाही. कायले तमाशा.

२ डिसेंबर

पोट्टी दिवसभर खाटेवर, मोबाइलमंदी डोळे. पाहून काय राहिली एवढं? तर चीनमधली एक पोरगी. यान नाव. पुढं उभी राहून गोल मारते, भूमिकावाणीच. तिचाही टोंगळा गेला, गेल्याच महिन्यात, डावाच! तिचं ऑपरेशन झालं.

"आबाजी, तिचा बाप पण धानवालाच आहे. नऊ वर्षांची होती तं खेळाच्या शाळेत टाकली. दहा वर्षांत एकशे चार गोल!"

म्हटलं, एवढे गोल मारून चीनचं काय भलं झालं?

हसली. मग म्हणे, "सरनं एक फोन पण नाही केला."

मी तंबाखू मळत राहिलो.

८ डिसेंबर, रविवार

पट्टा सोडला. चालली! अंगणातून विहिरीपर्यंत अन् वापस. सून रीता, तिची माय, रडलीच. भूमिकानं देव्हाऱ्यातला नारळ उचलून माझ्यापुढं धरला — "घ्या फी, वैद्यराज!" म्हटलं, ठेव तो. नारळ परक्याचा घेतो मी, घरच्याचा नाही.

चीनवाली अजून कुबड्यांवर आहे.

२२ डिसेंबर

पळायले गेली. सरळ पळाली तोवर बरं. वळली तं टोंगळा जागचा सरकला. दोन पोरींनी धरून आणली.

पुन्हा पट्टा. रीतानं दवाखान्याचं नाव काढलं. म्हटलं, उगाच तमाशा कायले.

१५ एप्रिल

तिसऱ्यांदा पट्टा. टोंगळा हातात घेतला की कळते — हाड जागच्या जागी आहे. हाडाले कधी काही झालंच नव्हतं. आत काही धरून ठेवणारं होतं, ते नाही. खालचा पाय पुढं ओढला की येते पुढं, ढिल्ल्या खुंटीवाणी.

हे पहिल्या दिवशीच हाताले लागलं होतं. लिहून टाकतो. लागलं होतं.

भूमिकानं विचारलं, "काऊन थांबले, आबाजी?" म्हटलं, तेल थंड आहे.

३ जून

चीनवाली पळून राहिली. भूमिकानं दाखवलं. राइस मिलच्या कॅलेंडरवर तिच्या दिवसांच्या फुल्या मारते पोट्टी — यान इतक्या दिवसांत चालली, इतक्या दिवसांत पळाली. शेजारी स्वतःच्या फुल्या. तिच्या फुल्या पुढं जातेत, हिच्या थांबल्या.

२० जुलै

धानाचा रोवणा सुरू. बांधीतल्या पाण्यात सगळे, भूमिका बांधावर बसून. चिखलात टोंगळा टिकत नाही. बाजूच्या शेतातल्या भोजराजची बायको म्हणे, "खेळाडू आता साहेबीण झाली!" भूमिका हसली. घरी आल्यावर तिनं फुटबॉलचे जोडे शेजारच्या पोरीले देऊन टाकले.

रात्री देवापुढं बसलो अन् मनात आलं — ती चीनवाली पडावी. ऑपरेशन करूनही पडावी. म्हणजे कोणी म्हणणार नाही की बुढ्यानं नुकसान केलं.

सत्तर वर्षांचा माणूस! कोणाच्या लेकीले शिव्याशाप देऊन राहिला.

११ ऑगस्ट

रीता न विचारता तिले गोंदियाले घेऊन गेली. संध्याकाळी आली अन् दारातूनच —

"मामाजी, दोरी पहिल्याच दिवशी तुटली होती. तशीच चालवली-पळवली म्हणून आता आतली गादी पण फाटली. डॉक्टर विचारते, नऊ महिने काय करून राहिले होते तुम्ही?"

ऑपरेशन होईल, नागपूरले. ९ ऑक्टोबरची तारीख. चालणं सुधरंल. खेळण्याचं सांगता येत नाही म्हणे.

रीता तेव्हापासून माझं ताट ठेवते अन् जाते. बोलत नाही.

भूमिका बोलते. म्हणे, "यान आली ना वापस, तं मी पण येईन."

१४ सप्टेंबर, रविवार

मोबाइलवर चीनवालीची मॅच. भूमिकानं मले जबरदस्तीनं शेजारी बसवलं. बाहेर दोन जण आपापला मोडका हात धरून बसले होते, त्यांना थांबवलं.

शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवली तिले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भूमिका चेंडू पाहत होती, मी टोंगळा. दोन मिनिटांत समजलं. डाव्यावर भार देत नव्हती. वळताना उजव्यावर घेत होती सगळं. माझ्या तोंडून निघालं — "काढा तिले बाहेर. कोणी सांगा रे, काढा!"

भूमिका म्हणे, "आबाजी, चूप! गोल मारणार आहे ती."

पडली. कोणी हात लावला नव्हता.

मागितलं होतं ते भेटलं. जेवलो नाही.

३० सप्टेंबर

याननं खेळणं सोडलं. कॅमेऱ्यापुढं खुर्चीवर बसून कागद वाचला तिनं, रडली नाही. भूमिका पण रडली नाही. कॅलेंडर काढून चुलीत टाकलं. मग रीताले म्हणे, "नागपूरचं रद्द कर. तिच्याजवळ एवढे डॉक्टर होते, तिचं नाही झालं. माझं कायले? आबाजी म्हणत होते तेच बरोबर. उगाच तमाशा."

माझाच शब्द. माझ्याच तोंडचा.

रीतानं माझ्याकडं पाह्यलं. दीड महिन्यात पहिल्यांदा.

४ ऑक्टोबर

चार दिवस समजावून राहिलो. ऐकत नाही. "तुम्हीच बांधून द्या पट्टा, मले घरात फिरण्यापुरतं झालं तरी बस." वीस वर्षांची पोट्टी म्हणते — घरात फिरण्यापुरतं.

६ ऑक्टोबर

सांगितलं. रीतासमोर, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

म्हटलं, पहिल्या दिवशीच माझ्या हाताले समजलं होतं की हे माझं काम नाही. दुसऱ्या दिवशी सरचा फोन आला होता. तारीख होती, खर्च नव्हता. मी म्हटलं तूच नाही म्हणते. यानचं अन् तुझं एक नाही. तिले पाचव्या दिवशी डॉक्टर भेटला, अन् तुले मी.

भूमिका एवढंच म्हणे — "मी सरले रस्त्यात पाहून तोंड फिरवत होती. वर्षभर."

आत गेली. सरले फोन लावला. दार लोटून घेतलं.

८ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीनं नागपूरले गेल्या दोघी. सर टेशनावर आले होते म्हणे. मले कोणी उठवलं नाही.

ओसरीत माझ्या खाटेखाली फीचा नारळ ठेवला आहे. भूमिकानं.