वल्ह्यावरचे हात

४ मार्च

गावाच्या सचित्र इतिहासाची प्रुफं आली. तळ्याकाठचं एवढंसं गाव, आणि पानं दोनशे! फोटोंखालच्या ओळी लिहायचं काम माझं. पान एकशे बारावर थबकले. 'नावाड्याने उतारूंना वाऱ्यावर सोडून पोहत किनारा गाठला. चौघे बुडाले.' नावाडी म्हणजे माझे बाबा. मी तेव्हा दोन वर्षांची. पुढं शाळेत मला 'बुडव्याची पोरगी' म्हणत. आता तेच छापून कायमचं होणार. होऊ देणार नाही!

७ मार्च

त्या सकाळचा फोटो स्टुडिओवाल्यांनी दिलाय. त्यांचे वडील धुकं टिपायला गेले होते, तेव्हाचा. होडी नुकतीच सुटलेली. नेहमीसारखा वर बटरपेपर ठेवून डोक्यांच्या कडा गिरवल्या, आकडे घातले. चार डोकी, चौघंही बुडालेली. वल्हं दिसतंय, पण धरणारे हात नाहीत! फोटोची डावी कड कापलीय. पट्टी लावून, बेतून.

कुणी? कशाला?

८ मार्च

स्टुडिओत गेले. म्हातारा स्टुडिओवाला गोड बोलला, चहा पाजला. फोटोची मूळ काच, म्हणजे काचेवरची निगेटिव्ह, मागितली तर म्हणे फुटली. कधी? आठवत नाही. साडेतीनशे काचा नंबर घालून कापसात जपल्यात यानं, आणि नेमकी हीच फुटली! मला काय दूधखुळी समजतो?

बाबा असते तर कड कापायची गरजच काय? वल्ह्यावर बाबा नव्हतेच. कुणातरी बड्याचं कार्टं असणार, आणि सगळं बाबांच्या माथी मारलं.

११ मार्च

दादाला सांगितलं. चष्मा पुसत ऐकत राहिला. म्हणाला, आईबाबा दोघं गेले, आता कशाला उकरतेस? हा कायमचाच शेपूटघालू. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा, तेव्हा सगळं कळत होतं त्याला. पण बाबांच्या बाजूनं जन्मात चकार शब्द काढला नाही.

१२ मार्च

दादा स्टुडिओतून बाहेर पडताना दिसला. मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेला. दोघांचं काय शिजतंय?

१५ मार्च

आज तोंड सोडलंच. ग्रंथालयात, पुस्तकाच्या समितीसमोर स्टुडिओवाल्यांना खोटारडे म्हटलं. ते उठून निघून गेले. मला बरं वाटलं — इथं तरी खोटं कशाला लिहू?

१६ मार्च

सकाळी ते घरी आले. कापसातली काच टेबलावर ठेवली. "बघा. मग छापायचं ते छापा." एवढंच.

खिडकीशी धरली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. डोळे सरावायला वेळ लागला. चेहरा कळायच्या आधी वल्ह्यामागचं ते एक खांदा पाडून बसणं ओळखलं. अजून जेवायला तसाच बसतो. पंधरा वर्षांचा दादा! अंगात शाळेचा सदरा.

मग म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं. बाबा तापानं अंथरुणात होते, म्हणून दादा गेला. धुक्यात होडी उलटली. चौघांना पोहता येत नव्हतं, याला येत होतं. त्याच संध्याकाळी बाबा ताप अंगावर घेऊन स्टुडिओत गेले आणि फोटोची कड स्वतःच्या हातानं कापली. म्हाताऱ्याच्या वडिलांनी कुणाला न सांगायचा शब्द दिला, म्हाताऱ्यानं तो पाळला. आणि मी त्याला चारचौघांत...

माफी मागितली.

१७ मार्च

दादासमोर काच ठेवली. बराच वेळ हात लावला नाही त्यानं. "बाबांनी शपथ घातली होती," म्हणाला. "त्यांना बुडव्या म्हणत, तेव्हा मी तिथंच उभा असायचो गं."

मी ठरवलंय. वाक्य आहे तसं राहू दे. बाबांनीच पत्करलेलं आहे ते.

१८ मार्च

प्रुफं द्यायला काढली. पान एकशे बारावर 'नावाड्याने' शाईनं खोडलंय. वर दादाचं अक्षर: 'नावाड्याच्या मुलाने, म्हणजे मी.'