हळदीच्या गाण्याला किती तास

माय, स्टुडिओवाल्याचा आज पुन्हा फोन आला. किती तास धरू, म्हणतो. जळगावात बसस्टँडजवळ मोबाइलच्या दुकानावर त्याची एक खोली आहे, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. निवडणुकीचा प्रचार आणि लग्नात वाजणारी अहिराणी डीजे गाणी, यांवर त्याचं बरं चाललंय. तुझी हळदीची गाणी रेकॉर्ड करायची आहेत म्हटल्यावर तो खूश झाला आणि लगेच मुद्द्यावर आला, "मॅडम, एक गाणं साधारण केवढं?" मी म्हटलं, "ज्याचं घर जेवढं मोठं तेवढं." त्याला वाटलं मी गंमत करतेय.

गंमत कसली! कडवं तेच, दर खेपेला नव्या नातेवाइकाचं नाव. काका झाले की काकू, मग मामा, फुई, थोरली वहिनी. नावं संपली की गाणं संपलं. शिरपूरकडच्या आपल्या गावात मोठ्या खटल्याच्या घरी तू सुरू केलंस की नवरीच्या अंगावर हळद वाळून जायची, तरी मामेसासरे शिल्लकच असायचे. आता ही गाणी पुरती येणारी मी एकटी उरले. माझ्याबरोबर तीही जातील या धास्तीने मी त्या खोलीपर्यंत पोचले. पण गायला घर लागतं. माझं लग्न झालं नाही. आपल्याच घरातली नावं घ्यावीत, तर गेलेल्यांची हळदीत घेत नाहीत, आणि जिवंत म्हणशील तर पुण्याचा भाऊ, त्याची बायको, त्यांचा मुलगा. झालं! स्टुडिओवाल्याचा माइक जुळवून होईस्तोवर माझं गाणं आटोपेल. काल रात्री जेवताना हे लक्षात आलं. इतकं एकटं मला तू गेलीस तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग आपल्या गल्लीतली ती पोर आठवली, आईबाप नसलेली, मावशीने वाढवलेली. तिच्या हळदीच्या दिवशी मावशी हळूच तुझ्या कानाशी आली, "माय, दोन कडवामा आटप. आमनाकडे नावंच नहीत." तू मांडवाच्या खांबाला टेकून बसली आहेस, मी तुझ्या मांडीशी. तू पदर खोचतेस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतेस, "आंडेर एकली शे म्हनीसन गानं आखूड करानं का? बठ्ठी गल्ली शे ना तिनी!" आणि शिंप्याला तिचा मामा करून टाकतेस, गिरणीवाल्याला काका, आम्हा पोरींना बहिणी. ज्याचं नाव येतं त्याने उठून हळद लावायची. गिरणीवाला तर पिठाच्या अंगानेच आला. ती पोर आधी लाजली, मग रडली, मग हसतच सुटली. ऊन उतरलं तरी तुझं चालूच होतं. पुढे कितीतरी दिवस तुझा गळा बसला होता, तू खाणाखुणांनी बोलायचीस, आणि खरं सांगू, घरात तेवढी शांतता पुन्हा कधी मिळाली नाही.

तेच धरून आज मी स्टुडिओवाल्याला छातीठोकपणे सांगितलं, अर्धा दिवस धरा. तो म्हणाला, "एवढी माणसं आहेत तुमच्याकडे?" मी म्हटलं, अख्खी बिल्डिंग आहे. फोन ठेवला आणि नावं आठवायला बसले. नोकरीला लागले तेव्हापासून इथेच राहते मी. वॉचमनला भाऊ म्हणते. खाली राहतात ते पांढऱ्या गाडीवाले. वरच्या मजल्यावर ती सकाळी सकाळी मिक्सर लावणारी. समोरच्या दारातल्या बाई तर रोज दिसतात, हसतात. मला ताप भरला होता तेव्हा त्यांनी तीन दिवस मऊ भात आणून दिला, उशाशी बसल्या, डोक्यावर हात ठेवून ताप पाहिला. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून तुला सांगते. माय, मला त्यांचं नाव माहीत नाही, आणि आता इतक्या वर्षांनी ते विचारायची लाज वाटते.