अक्षतांनी गेलेल्या पंपासंबंधी माझे मृत्युपत्र

मी, मंदाकिनी सीताराम दांगट, वय ७३ वर्षे, धंदा पंपदुरुस्ती, राहणार वारजे, पुणे, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. शेफाली खरे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हल्ली माझे बोलणे काही लोकांना फार झोंबते, म्हणून ही खबरदारी. कोणाच्या भरीला पडून मी लिहीत नाही. उलट घरातले 'लिहू नका' म्हणूनच मागे लागले होते.

माझे पती कै. सीताराम खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा माझा, आणि शिवणे गावातली पंपदुरुस्तीची शेडही माझ्याच कमाईची. गिऱ्हाईक आत येऊन विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" साहेब ड्यूटीवर आहेत, पंप इकडे द्या, असे मी सांगायचे. ही सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे आणि तिच्यावर अन्य कोणाचा हक्क नाही.

कलम १. वारज्याचा फ्लॅट मुलगा इंद्रजीत यास द्यावा. त्याने खोट्या अहवालावर सही केली ती शेडमध्ये, घरात नाही. म्हणून घर त्याचे.

कलम २. पाटल्या आणि मोहनमाळ सून शर्मिला हिला द्यावी. पुढे लिहिलेल्या भांडणात "अहो, आईंचं बरोबर आहे" एवढे एकच वाक्य ती बोलली, पण नवऱ्यासमोर बोलली.

कलम ३. शिवण्याची शेड, लेथ, पंप तपासण्याचे टेबल आणि सर्व हत्यारे सुखदेव मरळ यास द्यावीत. तो माझा नातेवाईक नाही. कारण सांगते.

आमच्याकडे येतात ते गिअर पंप. दोन चाकांचे दात एकमेकांत अडकून फिरतात आणि तेल पुढे ढकलतात, इतके साधे यंत्र. ते उगाच बिघडत नाही. कोणी जास्त दाब हवा म्हणून व्हॉल्व्ह आवळत सुटतो, कोणी मोटार आणि पंप तिरपे जोडतो, कोणाला तेल बदला म्हटले की पोटात दुखते. आणि पंप गेला की माझ्या दारात येऊन 'तुमचं कामच कच्चं'. सासरी छळ करायचा आणि माहेरी येऊन मुलगीच नाजूक आहे म्हणायचे, असला हा निर्लज्जपणा मी आयुष्यभर ऐकून घेतला.

सुखदेव हा बिजागऱ्यांच्या एका कारखान्यात प्रेसवर ऑपरेटर होता. कारखान्याचे मालक आप्पासाहेब कोंढरे, आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. दर खंडेनवमीला हे गृहस्थ प्रेसच्या पंपाला तेल पुरवणाऱ्या टाकीचे झाकण उघडायला लावतात आणि आत अक्षता, झेंडूच्या पाकळ्या टाकतात. "मशीनच्या पोटात देव गेला पाहिजे, ताई," असे मला हसून सांगायचे. देव गेला की नाही ठाऊक नाही. पाकळ्या मात्र गेल्या, आणि तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर थरावर थर बसल्या. वर टाकी काठोकाठ भरलेली आणि खाली पंपाला थेंब मिळेना. मोठा आवाज करत तो जाम झाला आणि प्रेस बंद पडला.

पंप आमच्याकडे आला. शंका आली म्हणून मी त्यांच्या कारखान्यात जाऊन जाळी काढून आणली. कुंकू लागलेले तांदूळ माझ्या तळहातावर होते. पंप का गेला याचे अहवाल शेडमध्ये इंद्रजीत लिहितो. त्याने ते पाहिले आणि तरीही अहवालात लिहिले, 'टाकीत तेल नसताना पंप चालवला, ऑपरेटरची हयगय.' मी विचारले, हे काय?

"देवाच्या अक्षतांनी पंप गेला असं कसं लिहायचं, आई? आप्पासाहेब पुन्हा दारात उभे राहतील का आपल्या?"

"मग माणसाचं नाव लिहिताना बरा हात चालला तुझा."

सुखदेवला त्याच आठवड्यात काढले. मी जाळी घेऊन आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "तुमच्याच मुलाचा अहवाल आहे ना, ताई?" म्हणाले. त्यानंतर शिवण्यात कोणी सुखदेवला उभे करीना, कारण पंप जाळणारा म्हणून त्याचे नाव झाले. मी त्याला कामावर घेतले, पण त्याच्या नावावरचा डाग मला पुसता आला नाही. याची मला संताप येण्याइतकी लाज वाटते. त्या दोघांना अजून वाटत नाही.

कलम ४. शेडमध्ये खंडेनवमीची पूजा बंद करू नये. मी नास्तिक नाही. हार यंत्राच्या बाहेर घालावा, झाकण लावलेले असावे.

कलम ५. इंद्रजीत या मृत्युपत्राला हरकत घेणार हे मला माहीत आहे. त्याने खुशाल घ्यावी. वकील म्हणाले, तसे झाल्यास साक्षीदाराला कोर्टात बोलावतात. त्याने शपथेवर सांगायचे असते की बाई शुद्धीवर होत्या आणि हाच तो कागद. कलम ३ तिथे सर्वांसमोर वाचले जावे आणि सुखदेव यास त्या दिवशी आवर्जून हजर ठेवावे, ही माझी इच्छा. पहिले साक्षीदार आत्ता माझ्यासमोर बसून चहा पीत आहेत. सहीपूर्वी वाचून घ्या म्हणून मी दोनदा म्हटले. "तुमच्यावर विश्वास आहे, ताई. सही कुठे करू तेवढं दाखवा," म्हणाले.

लिहून देणार : मंदाकिनी सीताराम दांगट (सही)

आम्हां दोघांसमक्ष बाईंनी सही केली आणि बाईंसमक्ष आम्ही केली :
१) आप्पासाहेब कोंढरे, कारखानदार (सही)
२) डॉ. शेफाली खरे (सही)

पुणे, दि. १८ जानेवारी २०२५