पांढऱ्या कावळ्याची चोच

औसा,
१२ डिसेंबर १९८२

प्रिय पंचशीला,

लातूर जिल्हा झाला आणि तिथं तू जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झालीस, हे कळलं. आनंद झाला, आणि लगेच मान खाली गेली.

बहात्तरच्या दुष्काळातला तो दिवस तू विसरली नसशील. तळं आटलं होतं, गावाबाहेर मेलेल्या जनावरांवर पाखरं जमत होती. शाळेच्या लिंबावर एक पांढुरका कावळा येऊन बसला. मी नुकतंच शिकवलं होतं, गावकावळ्याची मान राखाडी, डोमकावळा सगळा काळा. मग हा कोणता, असं पोरांनी विचारलं. मी ठोकून दिलं, गावकावळा. तू उभी राहिलीस. म्हणालीस, "गुरुजी, रंग सोडा. चोच बघा, किती जाड हाय, वरून वाकलेली. आवाजबी घोगरा हाय. डोमकावळा हाय ह्यो."

सातवीतल्या पोरीनं चूक दाखवावी, हे मला सोसलं नाही. मी म्हणालो, "मढ्यावरची पाखरं तुम्हा लोकांनाच ठाऊक!"

वर्ग हसला. तू खाली बसलीस. तुझ्या वडिलांनी, केरबांनी, छप्पन साली धम्म घेतला आणि मेली ढोरं ओढायचं काम सोडलं. त्यापायी गावानं त्यांना दुकान बंद केलं, विहीर बंद केली. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोललो.

शाळा सुटल्यावर तोच पक्षी हौदाच्या काठावर दिसला, शेजारी एक गावकावळा. दोघं जवळजवळ बसल्यावर शंकाच उरली नाही. हा अंगानं थोराड, चोच कितीतरी जाड. तुझंच खरं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात एवढं सांगायला किती वेळ लागला असता? मी पुढचा धडा काढला. मॅट्रिकपर्यंत तू शाळेत होतीस, पण माझ्या तासाला पुन्हा कधी हात वर केला नाहीस.

आता शाळा तुझा सत्कार करते आहे. तुला घडवणारे गुरुजी म्हणून मी बोलावं, असं हेडमास्तर म्हणतात. मला बोलायचं आहे ते हेच, त्याच शाळेत, सगळ्यांसमोर. पण त्यानं चारचौघांत तुझी जखम पुन्हा उघडी पडेल, म्हणून आधी तुला विचारतो. तू नको म्हणालीस तर मी व्यासपीठावर चढणार नाही. माफी मागतो, पण ती दिलीच पाहिजे असं नाही.

तुझाच, आणि तुझ्यापुढं शरमिंदा,
हणमंतराव