संगणकाला रमजान कोण सांगणार?

अल्-महल्ला, तिसरा रोजा

आई,

तुझे हात डोळ्यांना लावून लिहितेय. मी मजेत आहे. शिवणखात्यात किती उकडणार, हे आमचा संगणक तासभर आधीच ओळखतो आणि पंखे लावतो. गेल्या उन्हाळ्यात एकीलाही भोवळ आली नाही.

पहिल्या रोज्याला मात्र फजिती झाली. एरवी सकाळी दहाला बायका चहाची शेगडी पेटवतात आणि मी थर्मामीटर लावलेला नेमका तिच्या डोक्यावर! त्यामुळे दहा वाजले की उकाडा येतोच, असं संगणक शिकून बसलेला. त्या दिवशी ना शेगडी ना चहा, तरी भर थंडीत पंखे घोंघावू लागले. आमची मुकादमीण उम्म हाशिम शाल गुंडाळत ओरडली, "अगं इंजिनीअरबाई, रमजान लागलाय म्हणून सांग की तुझ्या संगणकाला!" सगळ्या हसून बेजार. आता थर्मामीटर हलवलाय, संगणकाला नव्याने शिकवतेय.

तुझी साखर कशी आहे? डॉक्टरांनी रोजे मना केलेत ना? दुपारी फोनवर "जेवले गं" म्हणतेस, पण आवाज किती कोरडा येतो. संगणक चुकला की पंखे तरी बोंबलतात. तू उपाशी राहिलीस तर मला कोण सांगणार?

तुझ्या दुव्यावर जगणारी,
शाहिंदा