अंग भरलंय

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचे नव्या घरी. दोनच खोल्या, पण माझ्या शिवणयंत्राला खिडकीपाशी जागा मिळाली, मी खूश. सातवा महिना सरत आला म्हणून नवरा साधी उशी उचलू देत नाही. खोकी सगळी नणंदेने उघडली. एकात कैलासवासी सासऱ्यांचं ब्लडप्रेशरचं मशीन निघालं. गंमत म्हणून लावलं, तर १५२ वर ९८. नवरा हसला, म्हणाला, बाबांच्या वेळेपासून ते असंच बरळतं. इथल्या दवाखान्यात नाव सावकाश घालू असं ठरलं.

८ तारीख, शनिवार
शेजारच्या काकू डोकावून गेल्या. म्हणाल्या, छान अंग भरलंय हो. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अंगठी साबण लावून काढावी लागली. चपला नवऱ्याच्या घालते, त्यावरून नणंद मला साहेब म्हणते.

१२ तारीख, बुधवार
शिंपिणीची खोड, टेपने घोटा मोजला. शनिवारीही मोजला होता, त्यापेक्षा दीड इंच जास्त. पडद्याच्या कोऱ्या पांढऱ्या कापडावर चांदण्या दिसल्या. उन्हाची तिरीप असेल म्हणून खिडकी लावली. चांदण्या तिथेच. डोकं ठणकतंय. नवरा म्हणाला, दवाखान्याची सोमवारची वेळ घेतलीय की.

१३ तारीख
१६८ वर ११०. नवऱ्याने सेल बदलले. १७०. त्याने मशीन कपाटावर टाकलं, म्हणे उगीच जिवाला घोर.

१४ तारीख, सकाळ
उजव्या बरगडीखाली कळ, कुणी मूठ आवळून धरल्यासारखी. लघवी कालपासून जेमतेम. बाळही आज गप्प — मला भीती वाटतेय. नवरा कामावर गेलाय.

दुपार
सुईचं नेढं सापडत नाही. सुयाच दोन दिसतात. नणंदेला मशीन काढायला लावलं, तिच्याच दंडाला बांधलं —

११४ वर ७६.

परत. ११६.

मशीन धड आहे. म्हणजे पहिल्या दिवसापासून —

नणंद गाडी आणायला धावलीय. म्हणाली, वहिनी, पडून राहा. पण डॉक्टरांना आकडे लागतील — तीनला १५२ — काल १७० —

हात आपोआप उडतोय. पान अर्धंच दिसतं —

डॉक्टर, आधी बाळाचं बघा — आणि सगळ्यांना सांगा, माझं अंग भरलं नव्हतं, ते