ओपल आली का?

गुरुवार, ९ एप्रिल

आजही नाही!

शेवटचा सूर धरला, मार्लिसचं बोट वर गेलं — "ओपल आली!" बर्नाडीन हसली, ट्विला हसली, मीही हसले. दात दाखवायला काय लागतं! पण मला काही ऐकू आलं नाही. चार बायकांचे चार आवाज, बस्स. जानेवारीपासून हे असंच चाललंय.

या वहीत मी ओपलबद्दल कधी लिहिलेलं नाही. आज लिहून ठेवते, म्हणजे निदान इथे तरी ती राहील. चार आवाज अगदी नेमके जुळले की त्यांच्याही वर एक पाचवा सूर वाजतो. बारीक, स्वच्छ. पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवलं की येतो तसा. तो आमच्यातली कोणीच गात नसते, आपोआप येतो. आमचं गाणं बार्बरशॉप, म्हणजे वाद्यांशिवाय नुसत्या चार आवाजांचं; ते गाणाऱ्या बाईचा सगळा जीव त्या सुरात. आमच्या चौकडीत त्याला ओपल म्हणतात. नाव मार्लिसनंच ठेवलं, अगदी पहिल्या वर्षी. ही ओपल सरावाला येत नाही, पोशाख शिवत नाही, जाडजूड लाली फासत नाही — आणि टाळ्या मात्र तिलाच!

मी बॅरिटोन. मार्लिस लीड, म्हणजे चाल तिची. बर्नाडीनचा खालचा बास, ट्विलाचा वरचा टेनर. मग उरलेसुरले सूर माझे. घरच्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरतं ते खाणारी बाई असते ना, तशी मी. त्या उरल्यासुरल्याला चव आणायची तर कान तिखट हवेत. कान गेले तर चौकडीत माझं काम काय?

आईचे असेच गेले. याच वयात. आधी पाखरं ऐकू येईनात, मग फोन, मग आम्ही. शेवटी ती चर्चमध्ये नुसते ओठ हलवायची.

दोन आठवड्यांनी ला क्रॉसला बार्बरशॉपवाल्या बायकांचं अधिवेशन. शनिवारी संध्याकाळच्या कार्यक्रमात आमची दोन गाणी. आम्ही तिथली स्पर्धा जिंकलो त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून हा मान. 'सेकंड हेल्पिंग' — पुन्हा वाढा! — हे आमच्या चौकडीचं नाव तेव्हा गाजलं होतं. त्या रंगमंचावर मी नुसते ओठ हलवायचे?

जाताना मार्लिस परत माझ्या केसांच्या मागे लागली. "ती कपाळावरची झालर वर घे गं, व्हर्ना. तट्टासारखी दिसतेस." नाताळानंतर हौसेनं कापून घेतली. सुरकुत्या झाकायला, दुसरं काय! माझ्या नवऱ्याला, लाइलला, अजून पत्ता नाही, आणि ही दर गुरुवारी टोचते. माझं कपाळ, माझे केस!

शुक्रवार, १० एप्रिल

लाइलला सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "तुला ऐकू येत नाही? मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण काढलं की वरच्या मजल्यावरून ओरडतेस!"

ते वेगळं.

मग त्यानं टीव्ही बंद केला. "आईची आठवण येतेय का?" म्हणाला. मी मान हलवली. "जा, दाखवून ये. चांडाळचौकडीतली एक कमी झाली तर बाकीच्या तिघी माझ्या जिवावर उठतील." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला माया करायची तर आधी थट्टाच करावी लागते.

मंगळवारची वेळ मिळाली.

मंगळवार, १४ एप्रिल

कान शाबूत आहेत!

एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठ्या वाट्या चढवल्या. आवाज आला की बटण दाबायचं. मी डोळे मिटून जीव मुठीत धरून बसले. डॉक्टरीणबाई पोरसवदा. कागद बघून म्हणाली, "या वयात असे कान म्हणजे चैन आहे. काय करता तुम्ही?" मी म्हटलं, उरलेसुरले सूर गाते. तिला काही कळलं नाही. गाडीत बसून पोटभर रडले. मग वाटेत थांबून रुबार्बचा केक खाल्ला आणि लाइलसाठी घेतलेला तुकडाही खाल्ला.

हुश्श!

पण घराच्या वळणावर डोक्यात आलं — माझे कान ठीक, तर ओपल गेली कुठे? त्या तिघी कोणाला बघून हसतात?

गुरुवार, १६ एप्रिल

आज नुसतं ऐकत होते. बर्नाडीनचा बास म्हणजे एके काळी चर्चच्या तळघरातले कॉफीचे कप थरथरायचे. आज शेजारच्या खोलीत तान्हं बाळ निजलंय, अशी गात होती. ट्विला तर वरच्या सुराला चवड्यांवर जाऊन हळूच मागे फिरत होती. आणि मी? मीही तेच केलं. चार महिने तेच करतेय. चुकलंच तर कोणाला कळू नये, असं.

एका जागी सूर बसायच्या आतच मार्लिसचं बोट वर! "ओपल आली!" बर्नाडीन जमिनीकडे बघत हसली.

ट्विला म्हणाली, "आपण जागा बदलून बघूया का? व्हर्ना माझ्या बाजूला, म्हणजे मला तिचा आधार." साधी गोष्ट. पण मार्लिस एकदम भडकली. "व्हर्ना मला समोर दिसेल अशीच उभी राहणार. विषय संपला!" ट्विलाचं तोंड एवढंसं झालं. कॉफी न घेताच गेली.

काय झालंय या बाईला?

शनिवार, १८ एप्रिल

बर्नाडीनचा कॅसरोलचा डबा परत द्यायला गेले. ती दारात गाडी धूत होती. मी म्हटलं, आता बोलायचंच.

"बर्नाडीन, खरं सांग. तुला ओपल ऐकू येते?"

तिच्या हातातली नळी तिच्याच बुटांवर सुरू. "का? तुला नाही येत?"

"नाही."

"देवा रे! मला वाटलं, त्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी माझंच डोकं फिरलंय! तुमची मजा घालवू नये म्हणून हळू गात होते गं मी!"

भिजल्या बुटांनी ती मला घरात ओढत घेऊन गेली. ट्विलाला फोन लावला. तिलाही तेच विचारलं. ती अशी किंचाळली की बर्नाडीनचा कुत्रा टेबलाखाली. तिला वाटत होतं तिचाच आवाज फाटायला लागलाय. अधिवेशन झालं की चौकडी सोडायची, असं ठरवून बसली होती. मीही तेच ठरवलं होतं की! तिघी एकाच वेळी बोलत होतो, कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. इतकं बरं वाटलं!

मग बर्नाडीन म्हणाली, "म्हणजे फक्त मार्लिसला ऐकू येते."

जी येतच नाही ती मार्लिसला ऐकू येते, याचा अर्थ काय? तिचं वय होत चाललंय? आणि तिला हे सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? चौकडी तिनं उभी केली. नवरा गेला त्याच आठवड्यात ती सरावाला आली होती. हे तिच्याकडून काढून घ्यायचं?

"तू सांग," मी बर्नाडीनला म्हटलं. "तू शाळेची बस चालवायचीस. साठ पोरांना एका नजरेत गप्प करायचीस."

"पोरांना, बाई. मार्लिसला मी घाबरते."

शुक्रवार, २४ एप्रिल

ला क्रॉस. सांगितलं नाही. गाडीतही नाही, जेवतानाही नाही. बर्नाडीननं गाडीत नुसते सगळ्यांचे सीटचे पट्टे तपासले आणि गप्प बसली. हॉटेलात जिकडे तिकडे बायका गातायत. लिफ्टचं दार उघडलं की आत चौघी गात उभ्या, मग जिन्यानं जा! मार्लिस लेकीच्या लग्नात मिरवावी तशी मिरवतेय.

भित्र्या आहोत आम्ही.

रविवार, २६ एप्रिल, सकाळी

सगळं लिहायचंय. गाणं ऐकायला आलेला लाइल खाली न्याहारीला वॅफल खातोय, तोवर.

काल संध्याकाळी रंगपटात नुसती झुंबड. सगळ्यांना एकच लाल लिपस्टिक, पापण्यांवर त्या चिकटवायच्या पापण्या. आरशात ओळखू येईना कोण कोण ते. माझं झालं तेवढ्यात मार्लिस केसांचा आकडा घेऊन आली आणि न विचारता माझी झालर मागे खोचून टाकली.

"आज तरी कपाळ दिसू दे," म्हणाली.

मी चिडणार होते. पण तिची बोटं गार पडली होती. मार्लिसची! जिला आजवर कोणत्याही रंगमंचाची भीती वाटली नाही. माझ्या तोंडून निघूनच गेलं —

"मार्लिस, मला ओपल ऐकू येत नाही. जानेवारीपासून."

"मलाही," बर्नाडीन.

"मलाही!" ट्विला, कपड्यांच्या दांडीमागून.

मार्लिस स्टुलावर बसली. आरशात आम्हा तिघींकडे बघत राहिली. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. मला वाटलं, आता रडणार. मग ती हळूच म्हणाली, "मलाही नाही."



"मग बोट कशाला वर करायचीस?" बर्नाडीन.

"तुम्ही हसायचात म्हणून!"

"आम्ही तू बोट वर करायचीस म्हणून हसायचो!"

मग जे हसू आलं! ट्विलाची पापणी कॉफीत पडली. बर्नाडीनच्या पोटपट्ट्याचा हूक तुटला, तो आवाज मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. चार महिने चार म्हाताऱ्या एकमेकींना आग्रहानं वाढत होत्या, आणि पातेलं रिकामं! पुन्हा वाढा! जिला तिला वाटे दोष आपलाच, म्हणून जी ती आवाज चोरत होती. चौघी एकमेकींच्या आड लपल्यावर ओपल यायची कुठून?

दारातून कोणीतरी ओरडलं, चला, तुमची वेळ झाली. मार्लिसनं डोळे पुसले. "आता आवाज चोरायचा नाही. बेसूर झालं तर झालं. पंचवीस वर्षांचं काय वाकडं होतंय!"

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याच्या शेवटी बर्नाडीननं जो खालचा सूर लावला तो लाकडी फळ्यांतून माझ्या तळपायांत आला. त्यावर मार्लिस. वर ट्विला, चवड्यांवर गेली आणि तिथेच राहिली. मी माझा सूर मधे ठेवला, न भिता.

आली! वर, दिव्यांच्याही वर. इतकी मोठी, इतकी स्वच्छ! मार्लिस माझ्याकडे बघत होती आणि तिचं बोट झटकन वर गेलं. पुढच्या रांगा उठल्या, मग मागच्या. मी रडत होते. चेहऱ्यावर काळे ओघळ, पण आता कोण बघतंय!

बाहेर लाइल माझा कोट घेऊन उभा होता. म्हणाला, "शेवटी ती पाचवी कोण गात होती? मला दिसलीच नाही."

बिस्किटांचा अख्खा डबा त्याचा. मी ओरडणार नाही.

मंगळवार, २८ एप्रिल

मार्लिस आली होती. मी तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंबद्दल सांगितलं. म्हटलं, तूही दाखवून घे, मनाची भीती जाते.

"मला माहीत आहे ते काय सांगतील," ती म्हणाली. "सहा वर्षांची असताना गोवर झाला. वरचे सूर तेव्हाच गेले. मी ओपल कधी ऐकलेलीच नाही, व्हर्ना."

कधीच नाही! पहिल्या वर्षी आम्ही तिघी छताकडे बघत ओरडलो, कोण गं ती? आपण एकटी पडू नये म्हणून ही म्हणाली, 'ती ओपल!' मग सांगायचं राहून गेलं.

"मग बोट कसं वर करायचीस?"

"तुझ्या भुवया. सूर जुळला की टुणकन वर जातात. त्या बघायची. आणि जानेवारीत तू झालर पाडून आलीस! मग काय, अंदाजानंच बोट वर."

आम्ही न्हाव्याच्या दुकानाचं नाव लावून गाणाऱ्या, आणि घात केला तो केस कापणाऱ्यानंच. आणि मी — कान गेले तर काय, म्हणून रडत होते!

परवा सराव. केस मागे बांधून, भुवया कोरून जाणार आहे.